उडणारी पोटरी आणि जाडजूड फाईल: एक प्रकरण अभ्यास

रुग्ण औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर. वय अडतिशीच्या आसपास, घर माळकरी, बिऱ्हाड सांगलीत आणि कामाचा पट्टा मिरज-जयसिंगपूरपासून इचलकरंजीपर्यंत. दिवसभर मोटारसायकल, खांद्याला बॅग, दर दवाखान्याबाहेर अर्धा चहा. घरात आई, बायको, शाळेत जाणारी मुलगी. (दोन-तीन रुग्णांचे तपशील इथे एकत्र केले आहेत, तेव्हा कुणी आपल्या ओळखीच्या एमआरकडे संशयाने बघू नये.)

माझ्याकडे तपासायला येण्याच्या काही महिने आधी एका रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला उजव्या पोटरीत वळवळ जाणवली. कातडीखाली काहीतरी उडतंय, थांबतंय, पुन्हा उडतंय. सकाळी विसरून गेला असता, पण दुसऱ्या रात्री ते परत आलं. पंधरवड्यात डावी पोटरी, मग मांडी, मग अंगठ्याखालचा तळहाताचा फुगीर भाग, मधूनच पापणी. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या. जिना चढताना उजवा पाय आपला नाहीच असं वाटायचं. जिना चढणं मात्र थांबलं नव्हतं, आणि थंडीत न चालू होणाऱ्या गाडीची किक तो त्याच उजव्या पायाने मारत होता. हे त्याने आपणहून सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा बोलता बोलता निघालं.

आणखी एक गोष्ट तो उठून जाताना, दाराशी बोलला. "तसा काही संबंध नाही सर, पण आमचे जुने मॅनेजर होते ना..." मॅनेजर मोटर न्यूरॉन डिसीजने, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसपेशी मरत जाण्याच्या आजाराने, गेले होते. हा त्यांना शेवटी भेटून आला होता. बोलणं बंद, पोटात नळी, आणि सुकलेल्या दंडावर कातडीखाली सतत चाललेली फडफड. ती फडफड त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. भेटीनंतर महिनाभरात त्याची स्वतःची पोटरी उडायला लागली, किंवा त्याचं तिकडे लक्ष जायला लागलं. या दोन्हींत फरक आहे, आणि पुढचं बरंचसं प्रकरण त्या फरकाचं आहे.

फाईल

बगलेतली फाईल टेबलावर ठेवली तेव्हा आवाज झाला. मेंदूचा एमआरआय, मणक्याचा एमआरआय, नसांची आणि स्नायूंची ईएमजी-एनसीव्ही तपासणी, ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सीपीके, किडनी, लिव्हर. दोन रिपोर्ट 'फुल बॉडी चेकअप'च्या सवलतीतले. बहुतेक कागदांवर 'रेफर्ड बाय' या ओळीपुढे 'सेल्फ' छापलेलं होतं.

एमआरला डॉक्टरांची कमतरता नसते, पण तिथेच सगळी गोची होते. त्याने सल्ले घेतले ते कामाच्या ओघात, टेबलापलीकडे उभं राहून. नव्या गोळीची माहिती सांगून झाली, सँपल ठेवून झालं, की "सर, एक मिनिट, माझंच जरा विचारायचं होतं." बाहेर रुग्ण ताटकळत असतात, डॉक्टरही ओळखीचा. कुणी म्हणालं टेन्शन घेऊ नकोस, कुणी म्हणालं बी-कॉम्प्लेक्स घे, कुणी म्हणालं एकदा एमआरआय करून टाक, शंका नको. शेवटचं वाक्य सगळ्यात महाग. ते म्हणणाऱ्याच्या मनात रुग्णाची शंका फेडायची असते, पण ऐकणारा घरी जाताना एवढंच घेऊन जातो की डॉक्टरांनाही शंका आहे.

आणि एमआरआयने शंका वाढवली. मेंदूच्या पुढच्या भागात 'काही बारीक, अविशिष्ट पांढरे ठिपके', कमरेला चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती किंचित पुढे आलेली. आता मोटर न्यूरॉनच्या जोडीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याचा आजारही, डोक्यात आला. धडधाकट माणसांचे एमआरआय काढले तरी काहीबाही सापडतंच. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला पंचेचाळिशीपुढच्या 2000 लोकांचे मेंदूचे एमआरआय काढले होते; 2007 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात 7.2 टक्के लोकांच्या मेंदूत कधीतरी होऊन गेलेल्या, पत्ताही न लागलेल्या रक्तपुरवठ्यातल्या अडथळ्याच्या खुणा होत्या, आणि 1.8 टक्क्यांच्या रक्तवाहिनीवर फुगा होता. चकती पुढे येणं तर चाळिशीच्या जवळ आल्यावर केस पांढरे होण्याइतकं साधं.

रिपोर्टच्या तळाशी रेडिओलॉजिस्ट नेहमी लिहितात ते 'क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड' त्याने पिवळ्या मार्करने रंगवलं होतं. त्याला ती गुप्त सूचना वाटली होती, काहीतरी गंभीर असल्याची. त्या ओळीचा अर्थ साधा आहे: रुग्णाला तपासा आणि मग या चित्राचा अर्थ लावा. इतक्या कागदांमध्ये नेमका तोच कागद नव्हता. त्याला टेबलावर झोपवून, बूट-मोजे काढायला लावून, हातात हातोडी घेऊन कुणी तपासल्याची एकही नोंद फाईलमध्ये नव्हती.

टेबलावर

पायाचे चवडे उचलून टाचांवर चालायला लावलं, मग टाचा उचलून चवड्यांवर. उकिडवं बसून हात न टेकता उठायला लावलं. एका पायावर उड्या. मनगट, बोटं, अंगठा, घोटा, चवडा, प्रत्येक ठिकाणी मी दाबायचं आणि त्याने जोर लावायचा. जोर भरपूर होता. अंगठ्याला त्याने मलाच हरवलं. गुडघ्याला हातोडी मारल्यावर पाय उसळला, दोन्हीकडे सारखा. तळपाय किल्लीने ओरखडल्यावर अंगठा खाली वळला, म्हणजे वळायला हवा तसाच.

जीभ बघताना एक गंमत झाली. मी सांगायच्या आधीच त्याने ती सवयीने बाहेर काढली, आणि ती थरथरत होती. "हेच सर, हेच! आरशात रोज दिसतं." कुणाचीही जीभ बाहेर ताणून धरली की थरथरते. जिभेवरची फडफड बघायची ती जीभ तोंडात, तळाशी सैल पडलेली असताना, आ करून. तशी पाहिली तेव्हा ती शांत होती. रोज सकाळी आरशासमोर तो चुकीची परीक्षा देत होता आणि रोज नापास होत होता.

पोटऱ्या उघड्या टाकून आम्ही दोघं नुसते बघत बसलो. मिनिटभरात उजवी उडाली, वेगळ्या जागी पुन्हा उडाली, मग डावी. खोटं काही नव्हतं. 'सगळं मनाचं आहे' असं त्याला घरात आणि बाहेर ऐकवलं गेलं होतं, ते चूक होतं. पोटरी खरंच उडत होती, फक्त तिला ताकद जाण्याची, स्नायू वाळण्याची साथ नव्हती. मोटर न्यूरॉनच्या आजारात माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा काहीतरी जमेनासं झालं म्हणून: शर्टाचं बटण लागत नाही, भाकरीचा तुकडा मोडत नाही, चप्पल पायातून निसटते, जीभ जड होते. फडफड असते, पण ती वाळणाऱ्या स्नायूत. महिनोन्महिने नुसतीच फडफड, जागा बदलत जाणारी, ताकद शाबूत, हे चित्र निराळं आहे. ईएमजीत सुई घालून नेमकं तेच पाहिलेलं होतं: आराम करणाऱ्या स्नायूत नस तुटल्याच्या खुणा नाहीत. रिपोर्टमध्ये 'फॅसिक्युलेशन' (स्नायूची फडफड) हा शब्द होता आणि त्याने तेवढाच वाचला होता. उरलेलं पान त्याच्यासाठी कोरं होतं.

मिरजेतल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे मी त्याला पाठवलं, पत्र देऊन, रीतसर वेळ घेऊन आणि बॅग घरी ठेवायला सांगून. बॅगेचा मुद्दा महत्त्वाचा होता. बॅग असली की तो एमआर होतो, रुग्ण होत नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून तपासलं, एमआरआयची फिल्म स्वतः पाहिली, आणि निदान लिहून दिलं: निरुपद्रवी फॅसिक्युलेशन, जोडीला बी-12 ची कमतरता आणि आजाराची भीती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा 1993 चा अभ्यासही त्यांनी त्याला सांगितला. अशा 121 रुग्णांवर 2 ते 32 वर्षं लक्ष ठेवलं, एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार झाला नाही. त्या रुग्णांमध्ये वैद्यकीय क्षेत्रात काम करणारे बरेच होते हे ऐकून त्याला पहिल्यांदा हसू आलं म्हणे. अर्धवट माहिती असलेल्यांचा हा आजार आहे, आणि त्या अर्धवटांत डॉक्टरही येतात.

बी-12

इथे गोष्ट सरळ राहत नाही. रक्तातलं बी-12 खरंच कमी होतं, प्रयोगशाळेच्या खालच्या मर्यादेच्या बरंच खाली. आश्चर्य काहीच नाही. माळकरी घर, अंडंही वर्ज्य, दूध चहापुरतं. त्यात ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल, स्वतःच्याच बॅगेतलं, कित्येक वर्षं रोज सकाळी, कुणालाही न विचारता. पोटातलं आम्ल दाबलं की अन्नातलं बी-12 सुटं होऊन शोषलं जाणं अवघड होतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. 2006 साली छापलेल्या त्या पाहणीत 441 पैकी 67 टक्के पुरुषांचं बी-12 कमी निघालं. म्हणजे आपल्याकडे बी-12 कमी असणं हा पुष्कळदा शोध नसतोच.

पण म्हणून ते सोडून द्यायचं नसतं. कमतरता लांबली की मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, विसराळूपणा, उदासी हे सगळं होऊ शकतं, आणि कधी कधी मज्जारज्जूची इजा भरून येत नाही. त्याच्या पायांची कंपनसंवेदना ट्यूनिंग फोर्कने पाहिली तर ठीक होती, डोळे मिटून उभा राहिला तर तोल जात नव्हता. इंजेक्शनं सुरू केली. पँटोप्राझोल हळूहळू कमी करत बंद केलं. आणि 'नसांच्या गोळ्या' म्हणून तो महिनोन्महिने चघळत होता त्या थांबवल्या, कारण त्यात बी-6 भरमसाट असतं आणि जास्त बी-6 स्वतःच मुंग्या आणतं. एमआरला हे ठाऊक नव्हतं. माहितीपत्रकात ते ठळक अक्षरांत नसतं.

घरचे खूश झाले. कारण सापडलं! आई नरसोबाच्या वाडीला जाऊन आली. तोही तीन आठवडे मजेत होता. मग इंजेक्शनांचा कोर्स संपला, पोटरी उडतच होती, आणि तो पुन्हा दारात: "बी-12 भरलं सर. मग आता हे कशाचं?"

मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा टप्पा हाच वाटतो. शारीरिक कारण सापडलं की भीती गळून पडते असा घरच्यांचा समज असतो, आणि बऱ्याच डॉक्टरांचाही. शरीराचं नाही तर मनाचं आणि मनाचं नाही तर शरीराचं, अशी वाटणी आपण करतो. या माणसात दोन्ही एकाच वेळी, शेजारी शेजारी होतं. कमी बी-12 भरून निघालं. भीतीचं चक्र आपल्या आपण फिरत राहिलं.

चक्र

त्याच्या बायकोने ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. "रोज रात्री साडेदहाला सुरू होतं. आधी टेपने दोन्ही पोटऱ्या मोजायच्या. उजवी अर्ध्या सेंटिमीटरने बारीक आली की संपलं. मग चवड्यांवर उभं राहायचं, मोजत मोजत. मग मला म्हणायचं, बघ गं, हलली का? मी हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी पंचाईत."

दोन पोटऱ्यांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक कुणाच्याही असतो. रात्री चवड्यांवर शंभर उठाबशा काढल्या की सकाळी पाय जड होणारच, आणि तो जडपणा मग 'ताकद जातेय' या खात्यात जमा व्हायचा. दमलेला स्नायू जास्त उडतो. कमी झोप आणि दिवसभराचा चहाही त्यात भर घालतात. ओठांच्या आणि बोटांच्या मुंग्यांचं कारण तर माझ्यासमोरच बसलं होतं: तो बोलताना मधे मधे खोल उसासे टाकत होता. भीतीने श्वास जलद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा चटकन पेटतात. त्याला खुर्चीतच दोन मिनिटं मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावले. (हृदयविकार, दमा, फिट येणं असलेल्यांवर हा प्रयोग करू नये.) दीड मिनिटात ओठांना मुंग्या. तो माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या रिपोर्टांनी जे झालं नव्हतं ते झालं: आपल्या शरीरात हे कसं घडतं ते त्याने घडताना पाहिलं.

पापणीचंही असंच. उजवा डोळा लवला तर पुरुषाला शुभ, एवढं म्हणून आपण सोडून देतो. डोळा लवतो म्हणून कुणी एमआरआयला जात नाही. पोटरी लवण्याला आजीने सांगितलेली गोष्ट नव्हती. मग ती जागा मॅनेजरांच्या आजारपणाने घेतली.

धीर देण्याचा परिणाम किती टिकतो? रिपोर्ट आल्यावर दोन-चार दिवस, बायकोच्या 'काही नाही हो'चा जेमतेम पंधरा मिनिटं. पॉल सालकोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या इंग्लंडमधल्या संशोधकांनी 1986 मध्येच मांडलं होतं की पुन्हा पुन्हा धीर मागणं हेच ही भीती जिवंत ठेवतं. 2013 पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात जुनं 'हायपोकॉन्ड्रिया' हे नाव काढून दोन निदानं केली: लक्षणं ठळक असतील तर एक, लक्षणं नाममात्र आणि आजाराची धास्तीच मोठी असेल तर दुसरं. हा गृहस्थ पहिल्यात बसतो. नाव बदलल्याचा एक फायदा झाला: लक्षणं खरी आहेत की नाहीत हा वाद मागे पडला.

उपचार

मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढल्यावर अपेक्षित तेच झालं. "म्हणजे सर, तुम्हीपण वेडाच्या डॉक्टरकडे पाठवताय." मी म्हटलं, पोटरीसाठी पाठवत नाहीये. पोटरीचं निदान झालंय, लिहून दिलंय. रात्री साडेदहानंतरचे जे दोन तास जातात, त्यांच्यासाठी पाठवतोय. त्या दोन तासांवर तो तयार झाला. त्याची मुलगी तेव्हा जागी असायची, आणि तीही आईला विचारायला लागली होती की बाबांचे पाय मोजून झाले का.

एस्सिटालोप्राम, ही चिंता-नैराश्यावरची गोळी, अगदी लहान डोसपासून सुरू झाली. पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढू शकते, पोट बिघडू शकतं, हे आधी सांगून ठेवलं होतं. असल्या रुग्णाला हे न सांगता गोळी दिली तर ती दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. जोडीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे वर्तनोपचाराची सत्रं. तिथे टेप जमा करून घेतली. चवड्यांवरच्या उठाबशा बंद. तपासायची ऊर्मी आली की वहीत वेळ लिहायची आणि अर्धा तास थांबायचं, मग वाटलंच तर बघायचं. बहुतेक वेळा अर्ध्या तासाने मुलीचा अभ्यास किंवा मॅच मधे यायची. आजाराबद्दल इंटरनेटवर शोधणं पूर्ण बंद. बायकोला एकच वाक्य दिलं होतं: "याचं उत्तर मी द्यायचं नाही असं ठरलंय ना आपलं." तिला ते पहिल्यांदा फार कठोर वाटलं. तो चिडलाही, एकदा ताट सरकवून उठला.

मी माझ्या बाजूने एक गोष्ट केली: भेटी ठरवून दिल्या. दर तीन आठवड्यांनी, लक्षण असो-नसो. मधे आलेल्या फोनवर नवं लक्षण ऐकायचं नाही, ते पुढच्या भेटीत. दर भेटीला पाच मिनिटं तपासायचं, खरंखुरं, हातोडीने. नवी तपासणी सुचवायची ती मी, त्याने नाही. मधे त्याने दुसऱ्या एमआरआयचा हट्ट धरला, ते पांढरे ठिपके वाढले का बघायला. मेंदूविकारतज्ज्ञांनी गरज नाही म्हटलं होतं, मी पत्र दिलं नाही. चिठ्ठीशिवायही एमआरआय होतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण गेला नाही.

कोणती लक्षणं दिसली तर पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही, याची यादी केसपेपरच्या मागे लिहून दिली होती. पाऊल लोळायला लागलं, बटण-भाकरी-चावी जमेना, बोलणं जड झालं, गिळताना ठसका, लघवीवर ताबा राहीना, स्नायू दिसण्याइतका वाळला: दोन दिवसांत दाखवायचं. तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय एकदम गळणं, बोलणं अचानक बंद: घड्याळ बघायचं आणि थेट मोठ्या रुग्णालयात, कारण गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाला साडेचार तासांचीच मुदत असते. या यादीत पोटरी उडणं नाही हे त्याने दोनदा वाचून खात्री करून घेतली. यादी अशा रुग्णांना घाबरवते असं काही सहकारी म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. कशाला घाबरायचं हे नेमकं कळलं की उरलेल्याला घाबरायचं कमी होतं.

सध्या

पोटरी अजून उडते. उन्हाळ्यात जास्त, महिनाअखेरीला टार्गेट राहिलं असेल तर फारच. मुंग्या जवळजवळ गेल्या. त्यातला वाटा बी-12 चा किती आणि श्वासाचा किती हे वेगळं काढता येत नाही, काढायची गरजही नाही. बी-12 आता दर महिन्याला एक इंजेक्शन, कारण माळ सुटणार नाही. गोळी चालू आहे, पूर्ण बरं वाटल्यावरही निदान सहा-आठ महिने चालेल आणि मग हळूहळू कमी होईल. मधल्या काळात मॅनेजरांचं वर्षश्राद्ध आलं तेव्हा आठवडाभर जुनं सगळं उफाळलं, टेपसुद्धा बाहेर आली. सायकॉलॉजिस्टनी तेव्हा त्याला नवीन काही सांगितलं नाही, वहीतली जुनी पानं वाचायला लावली. परगावच्या नातेवाइकाने विचारल्यावर त्याने त्यांना सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा फुकटचा नंबर दिला, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

मेंदूविकारतज्ज्ञांनी वर्षाने एकदा भेटायला सांगितलंय. ईएमजी पुन्हा करायची का, हा प्रश्न त्याने माझ्यासमोर काढला आणि स्वतःच म्हणाला, ताकद गेली तर करू. तोपर्यंत फाईल माझ्या कपाटात आहे. नवा कागद आला तर तो माझ्यामार्फतच तिच्यात जाईल असं ठरलं आहे.